टर्बो पेट्रोल गाडीला बाहेरचा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह: बसवावा का, आणि बसवायचाच असेल तर कसा

प्रश्न ठाण्याच्या एका तरुणाचा आहे. त्यांनी नुकतीच सेकंड हँड टर्बो पेट्रोल गाडी घेतली आहे आणि गिअर बदलताना तो ‘प्शऽऽश’ आवाज यावा म्हणून टर्बोने दाबलेली जादा हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवायची त्यांची हौस आहे. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एकाने सांगितलं, ‘तासाभरात बसवून देतो, पिकअपही वाढेल.’ मित्राच्या डिझेल थारलाही तसाच बसवायचा विचार आहे. बसवू का, कुठला घेऊ आणि काय सांभाळू, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी थोडक्यात सांगतो. पिकअप वाढणार नाही. आवाज येईल. इंजिन त्यानंतर सुखात राहील की नाही, हे तुमच्या गाडीत हवा कशी मोजली जाते आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग कशी लावली आहे यावर ठरेल. मित्राच्या डिझेलला अजिबात बसवू नका. मी मुंबईत टर्बो पेट्रोल गाड्यांचंच काम करतो. या व्हॉल्व्हपायी ज्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकींचा व्हॉल्व्ह उघडत असतोच. तो वेळेवर आणि पूर्ण बंद होत नाही, हा खरा दोष असतो. गिऱ्हाईक उघडण्याचा आवाज ऐकून माल निवडतं, आणि इंजिनाला मात्र त्याच्या बंद राहण्याशी देणंघेणं असतं. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

तुम्ही जोरात रेस देता तेव्हा एक्झॉस्टच्या गॅसवर टर्बाइन फिरतं आणि त्याच शाफ्टवरचा कॉम्प्रेसर हवा दाबून, ती थंड करणाऱ्या इंटरकूलरमार्गे, इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीकडे ढकलतो. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. गिअर बदलायला तुम्ही पाय उचलता, थ्रॉटलची पाकळी मिटते, पण शाफ्ट लगेच थांबत नाही. तो हवा ढकलतच राहतो आणि हवेला पुढे वाट नसते. मग पाइपातला दाब चढतो आणि हवा कॉम्प्रेसरच्या पात्यांमधून उलटी मागे येते, पुन्हा पुढे जाते, पुन्हा मागे येते. एअर फिल्टरच्या बाजूने कबुतरं फडफडल्यासारखा जो आवाज येतो तो हाच. याला सर्ज म्हणतात. सर्जमध्ये शाफ्टला त्याच्या लांबीच्या दिशेने मागे-पुढे झटके बसतात आणि ते थ्रस्ट बेअरिंगला सोसावे लागतात. कमी दाबावर क्षणभर फडफड झाली म्हणून टर्बो मरत नाही, ही भीती विनाकारण पसरवलेली आहे. पण बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब, वाढवलेल्या गाडीत प्रत्येक गिअरला जोरदार सर्ज होत असेल, तर बेअरिंगचं आयुष्य कमी होतं.

ही अडकलेली हवा सोडायला कंपनीने आधीच व्हॉल्व्ह दिलेला असतो. तो हवा बाहेर न फेकता पुन्हा कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, एअर फिल्टरच्या पुढे नेऊन सोडतो. याला रिसर्क्युलेशन किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्ह म्हणतात. हवा बंद नळीतून परत जाते, म्हणून आवाज जवळजवळ येत नाही. तुम्हाला हवा आहे तो व्हॉल्व्ह हीच हवा बॉनेटखाली उघड्यावर सोडतो. काम दोघांचं एकच, फक्त हवा जाते कुठे एवढाच फरक. म्हणून ‘व्हॉल्व्ह बसवला की टर्बो वाचतो’ असं कोणी म्हटलं, तर तुमच्या गाडीत तो आधीपासून आहेच हे लक्षात घ्या. काही नव्या इंजिनांत वेस्टगेट, म्हणजे एक्झॉस्टचा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडणारा दरवाजा, विजेच्या मोटरवर चालतो, पाय उचलताच ईसीयू (इंजिनाचा संगणक) तो उघडून टर्बाइनचा जोर काढून घेतो. अशा काही गाड्यांत वेगळा व्हॉल्व्ह दिलेलाच नसतो. त्यात काहीतरी राहून गेलंय असं समजून जागा शोधत बसू नका.

आता हवा मोजण्याचा मुद्दा. या एकाच मुद्द्यावर तुमचा निम्मा निर्णय होतो. काही गाड्यांत एअर फिल्टरच्या डब्यानंतर लगेच मास एअर फ्लो सेन्सर असतो, आपण त्याला मॅफ म्हणतो. तो आत येणारी हवा मोजतो, आणि ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. अशा गाडीत मोजून झालेली हवा तुम्ही मध्येच बाहेर सोडली, तर ईसीयूला ते कळत नाही. तो न आलेल्या हवेचंही पेट्रोल देतो. जास्त आरपीएमवर पाय पूर्ण उचलला की ईसीयू पेट्रोल तोडतोच, त्यामुळे तिथे फारसं जाणवत नाही. त्रास होतो तो पाय अर्धवट उचलताना, गिअर पडून पुन्हा रेस देताना आणि गाडी सिग्नलला आयडलवर येताना. गाडी झटका मारते, आरपीएम खाली जाऊन पुन्हा वर येतं, कधी बंदच पडते. मागून काळपट धूर, प्लग काळे, आणि हे रोजचं झालं की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. कन्व्हर्टर बदलण्याच्या खर्चात चांगले चार-पाच व्हॉल्व्ह येतील.

दुसऱ्या पद्धतीत मॅफ नसतो. थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला दाब आणि हवेचं तापमान यावरून ईसीयू हवा किती ते काढतो. त्या सेन्सरला मॅप सेन्सर म्हणतात. व्हॉल्व्ह थ्रॉटलच्या अलीकडे असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर गेली तरी मॅनिफोल्डचा हिशेब बिघडत नाही. अशा गाडीला उघड्यावर सोडणारा व्हॉल्व्ह बराच मानवतो.

तुमची गाडी कुठली, हे बघायला गॅरेजची गरज नाही. बॉनेट उघडा, एअर फिल्टरच्या डब्यातून टर्बोकडे जाणाऱ्या पाइपाच्या सुरुवातीला बघा. तिथे पाइपात घुसवलेला, वायरींचा कनेक्टर असलेला चपटा तुकडा दिसला तर बहुधा तो मॅफ आहे. सर्व्हिस मॅन्युअल किंवा पार्ट नंबरावरून खात्री करून घ्या. स्कॅनर लावून ‘ग्रॅम प्रति सेकंद’ असा आकडा दिसला म्हणजे मॅफ आहेच असं मात्र धरू नका. मॅफ नसलेले काही ईसीयूही तो आकडा गणिताने काढून दाखवतात. डोळ्यांनी सेन्सर बघणं हेच खरं.

मॅफवाल्या गाडीला माझा सल्ला साफ आहे: हवा उघड्यावर सोडू नका. बाजारात दोन तोंडांचे व्हॉल्व्ह मिळतात, थोडी हवा आत आणि थोडी बाहेर. हे ऐकायला मधला मार्ग वाटतात, पण बाहेर जाणारी प्रत्येक फुंकर मोजलेलीच असते. दोष कमी होतो, जात नाही.

व्हॉल्व्ह बंद कसा राहतो ते आता नीट समजून घ्या, कारण इथेच फिटर लोक चुकतात. साध्या यांत्रिक व्हॉल्व्हमध्ये पिस्टन असतो, पिस्टनच्या डोक्यावर स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या खोलीत मॅनिफोल्डवरून आलेली बारीक होज. पूर्ण रेसमध्ये पाइपातला दाब खालून पिस्टनला ढकलतो आणि जवळपास तेवढाच दाब होजमधून वरून दाबतो. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून पिस्टन बंद ठेवायला स्प्रिंगवर फारसा भार येत नाही. ‘बूस्ट वाढवलाय, म्हणून कडक स्प्रिंग टाक’ हे वाक्य त्यामुळेच चुकीचं आहे. बंद ठेवणारा खरा दाब त्या बारीक होजमधून येतो. होज गळकी असेल, तर कितीही कडक स्प्रिंग घाला, बूस्ट निसटणारच.

स्प्रिंगचं खरं काम आयडलवर दिसतं. निरोगी पेट्रोल इंजिनाचा आयडलवरचा व्हॅक्यूम, म्हणजे मॅनिफोल्डमधली ओढ, समुद्रसपाटीला साधारण १८ ते २२ इंच पारा असतो. २० इंच धरला तर तो जवळपास १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं माप) झाला. म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ दोन्ही बाजूंना सारखं असलेल्या व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग १० पीएसआयपेक्षा हलकी असेल, तर आयडलवर मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पिस्टन वर ओढून ठेवतो आणि व्हॉल्व्ह सतत उघडा राहतो. कंपनीच्या रिसर्क्युलेशन व्हॉल्व्हमध्ये हे चालतं, कारण तिथली नळी फिल्टरनंतरच्या हवेतच उघडते. पण तुमचा व्हॉल्व्ह उघड्यावर असेल, तर त्यातून फिल्टर न झालेली, मॅफने न मोजलेली हवा आत जाते. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची सिमेंटची धूळ तुम्ही रोज बघता. ती थेट सिलिंडरपर्यंत जाण्याची ही वाट आहे.

म्हणून स्प्रिंग अशी लावायची की आयडलवर पिस्टन जेमतेम बंद राहील आणि पाय उचलताच उघडेल. वरचाच हिशेब पुढे नेतो. स्प्रिंग ११ पीएसआयची आहे आणि तुम्ही १० पीएसआय बूस्टवर पाय उचलला. खालून पाइपातला १० चा दाब ढकलतो, वरून १० चा व्हॅक्यूम ओढतो, एकूण २० झाले, व्हॉल्व्ह सटकन उघडणार. पण ट्रॅफिकमध्ये २ पीएसआयवर पाय उचलला तर २ आणि १० मिळून १२ होतात, व्हॉल्व्ह कसाबसा उघडेल. स्प्रिंग १५ ची असती तर उघडलाच नसता आणि फडफड ऐकू आली असती. मुंबईच्या रोजच्या चालवण्यात अशाच हलक्या बूस्टवर पाय वरखाली होतो, म्हणून फार कडक स्प्रिंग आपल्याकडे निरुपयोगी.

स्प्रिंग लावताना एसी बंद ठेवा. आपल्याकडे एसी बारा महिने चालतो, आणि एसी चालू असताना त्याच्या कॉम्प्रेसरचा भार पेलायला थ्रॉटल थोडा जास्त उघडतो, व्हॅक्यूम कमी होतो. एसी चालू ठेवून लावलेली स्प्रिंग एसी बंद केल्यावर आयडलला उघडी पडू शकते. इंजिन पूर्ण गरम, पंखा एकदा फिरून गेलेला, एसी बंद, अशा स्थितीत व्हॅक्यूम सर्वांत जास्त असतो. तेव्हा बंद राहिला तर नेहमीच राहील. घाटात गेल्यावर उलटं होतं. उंचीवर बाहेरचा दाब कमी, म्हणून व्हॅक्यूमही कमी: लोणावळ्याला मुंबईपेक्षा साधारण २ इंच आणि महाबळेश्वरला ४ इंचांहून जास्त. मुंबईत नेमकी लावलेली गाडी वेण्णा तलावाच्या रस्त्यावर हलक्या रेसला थोडी फडफडली तर घाबरू नका आणि तिथे स्क्रू फिरवू नका. खाली आल्यावर ती पुन्हा जागेवर येते. तिथे सैल केलेली स्प्रिंग मात्र इथे आयडलला उघडी राहील.

त्या बारीक होजबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. ती मॅनिफोल्डवरच्या स्वतंत्र टॅपिंगवरून यायला हवी, थ्रॉटलच्या पुढून, आणि शक्य तितकी आखूड. लांब होज म्हणजे उशिरा उघडणारा आणि उशिरा बंद होणारा व्हॉल्व्ह. जागा सापडत नाही म्हणून ब्रेक बूस्टरच्या होजमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि हे बघितलं की मी चावी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. ती टी निसटली किंवा होज चिरली तर ब्रेकची मदत जाते, आणि पेडल दगडासारखं कडक होतं. मॅप सेन्सरच्या किंवा फ्युएल प्रेशर रेग्युलेटरच्या होजमध्येही टी टाकू नका. व्हॉल्व्हच्या प्रत्येक झटक्याने तिथला दाब हलतो आणि ईसीयूला खोटी माहिती मिळते. होज जाड भिंतीची घ्या, पातळ सिलिकॉन व्हॅक्यूममध्ये चपटी होते. दोन्ही टोकांना क्लिप लावा. सायन-पनवेलच्या कोंडीत तासभर रखडलेल्या गाडीच्या बॉनेटखाली किती उष्णता साठते हे लक्षात घ्या. साधं रबर तिथे वर्षभरात कडक होऊन तडकतं.

व्हॉल्व्ह बसवण्याची योग्य जागा इंटरकूलरनंतर, थ्रॉटल बॉडीच्या जवळ. दाब चढतो तो तिथेच, आणि तिथली हवा थंड असल्याने पिस्टनच्या ओ-रिंगला त्रास कमी होतो. पाइप अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर फ्लँज टिग वेल्डिंगने जोडून घ्या. प्लॅस्टिकचा असेल तर त्या गाडीसाठी बनवलेला अ‍ॅडाप्टर मिळतो का बघा. प्लॅस्टिकमध्ये भोक पाडून एपॉक्सीने चिकटवलेला फ्लँज कधीतरी बूस्टखाली सुटतो. सिलिकॉन होजमध्ये बसवायच्या तुकड्याच्या टोकांना उठावदार कडा हवी, नाहीतर क्लँप कितीही आवळा, होज निसटते. आणि पाइप गाडीवर ठेवून ड्रिल मारू देऊ नका. पाइप काढायचा, भोक पाडायचं, वेल्डिंग करायचं, आतली बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) फाईलने काढायची, धुऊन वाळवून कापडाने पुसायचं, मगच परत लावायचा. थ्रॉटलजवळच्या पाइपात राहिलेला अ‍ॅल्युमिनियमचा कीस कुठे अडत नाही, तो थेट सिलिंडरमध्ये जातो. ‘तासाभरात बसवून देतो’ म्हणणाऱ्याला नेमका हाच प्रश्न विचारा: पाइप काढणार की नाही?

इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हची गोष्ट वेगळी आहे, आणि फोक्सवॅगन, स्कोडाच्या बऱ्याच टीएसआय गाड्यांत तोच असतो. तो टर्बोच्या कॉम्प्रेसर हाउसिंगवरच बोल्टने बसवलेला असतो, आणि त्यातला सोलेनॉइड (विजेवर हलणारा खटका) ईसीयूच्या हुकमावर उघडतो, व्हॅक्यूमवर नाही. यातल्या जुन्या प्रकारच्या काही व्हॉल्व्हमध्ये रबरी पडदा होता आणि तो फाटायचा. पुढे पिस्टनचे आले. पडदा फाटला की बूस्ट सतत मागे निसटतो, गाडी मंद वाटते, आणि पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी असल्याचा कोड येतो. कधी पी२२६१ येतो, तो थेट याच व्हॉल्व्हचा. अशा गाडीला नवा व्हॉल्व्ह लावल्यावर मालक म्हणतो, ‘पिकअप वाढला.’ बाजारातली पिकअपची अफवा बरीचशी इथून आली आहे. पिकअप वाढलेला नसतो, गेलेला परत आलेला असतो.

या गाड्यांसाठी आवाजाचा सोपा मार्ग म्हणून स्पेसर विकतात: व्हॉल्व्ह आणि टर्बो यांच्या मध्ये बसणारी जाड चकती, जी परत जाणारी हवा बाहेर वळवते. वायरिंगला हात लागत नाही, चेक इंजिन लाइट बहुधा येत नाही. पण मॅफचा नियम इथेही तोच. शिवाय टर्बोच्या अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगचे आटे नाजूक असतात. लांब पान्याने आवळू देऊ नका. आटे गेले तर टर्बो उतरवून आटे पाडण्याचं काम निघतं. सोलेनॉइडचा कनेक्टर काढून यांत्रिक व्हॉल्व्ह लावायचा आणि कोड येऊ नये म्हणून रेझिस्टर जोडायचा, ही पद्धत मला मान्य नाही. ईसीयू कधी उघडायचं हे इंजिनाच्या सगळ्या गरजा बघून ठरवतो. ते त्याच्याकडून काढून घेऊन एका स्प्रिंगच्या हाती देण्यात काहीच फायदा नाही.

माल कुठला घ्यावा? एचकेएस, टर्बोस्मार्ट, जीएफबी, फोर्ज ही नावं चांगली आहेत, आणि यांच्याच नकला बाजारात सर्वांत जास्त आहेत. डबा आणि स्टिकर हुबेहूब असतो. फरक हातात घेतल्यावर कळतो. पिस्टन बोटाने दाबा: तो एकसारखा, न अडखळता आत जायला हवा आणि पूर्ण परत यायला हवा. तोंडाशी कास्टिंगला बारीक छिद्रं, कडेला बर, सर्क्लिप साधी लोखंडी, असं काही दिसलं तर परत द्या. वरळी, वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत तसली सर्क्लिप एका पावसाळ्यात गंजते. मग दुकानात किंवा गॅरेजमध्ये हातपंप मागा. होजच्या निपलला लावून व्हॅक्यूम ओढा. पिस्टन वर जायला हवा आणि काटा तिथेच थांबायला हवा. काटा खाली सरकत असेल तर सील गळकं आहे. हीच चाचणी गरम केल्यावर पुन्हा करा, कारण नकली माल थंड असताना चालतो आणि गरम झाला की पिस्टन अडकतो. अर्धवट उघडा अडकलेला व्हॉल्व्ह म्हणजे बूस्ट गळणारा पाइपच. तेवढाच दाब गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, आणि टर्बो वाचवायला लावलेली वस्तूच त्याला दमवते.

पावसाळ्याचा विचार बाहेरगावचे व्हिडिओ बघून कोणी करत नाही. कंपनीची यंत्रणा एअर बॉक्सपासून थ्रॉटलपर्यंत बंद असते. उघड्यावर सोडणारा व्हॉल्व्ह लावला की त्या बंद वाटेत तुम्ही एक नवं तोंड करता, आणि जागा सोपी म्हणून ते बरेचदा बंपरच्या कोपऱ्यात, खाली बसवलं जातं. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवे इथल्या पाण्यातून गाडी नेताना तुम्ही पाय वरखाली करता, प्रत्येक वेळी पिस्टन उघडतो, आणि समोरून उसळणारं पाणी त्या तोंडावर आदळत असतं. आत गेलेलं पाणी थ्रॉटलपासून फार लांब नसतं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पुरेसं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून व्हॉल्व्ह शक्य तितका वर, तोंड खाली आणि मागे वळवलेलं ठेवा. आणि जून ते सप्टेंबर कंपनीचाच व्हॉल्व्ह परत लावता येईल अशी रचना करून घ्या. मी माझ्या गिऱ्हाइकांना हेच करायला लावतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मर्यादा आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए (४) खाली नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि प्रदूषणाच्या मानकांचा भंग कलम १९०(२) मध्ये येतो. तिथे पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. रात्री मरीन ड्राइव्हला किंवा कोस्टल रोडच्या बोगद्यात मुद्दाम आवाज काढत फिरणाऱ्यांमुळे नीट काम केलेल्या गाड्यांवरही पोलिसांची नजर असते. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. रात्री दहानंतर केईएमच्या बाहेर तो आवाज काढण्याची हौस कोणीही करू नये, एवढं मी मनापासून सांगतो. वॉरंटी शिल्लक असेल तर टर्बोच्या कुठल्याही दाव्यात कंपनी या बदलाकडे बोट दाखवेल, आणि इन्शुरन्सला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येऊ शकतो.

मित्राच्या डिझेलबद्दल. डिझेल इंजिनाचा जोर हवा अडवून कमी करत नाहीत, डिझेल कमी करून करतात. पाय उचलल्यावर पेट्रोलसारखी पाकळी मिटत नाही; नव्या डिझेलमध्ये जी पाकळी असते ती ईजीआर, डीपीएफ (दोन्ही धुराचं प्रदूषण कमी करणाऱ्या यंत्रणा) आणि इंजिन बंद करतानाचा धक्का यांसाठी. त्यामुळे हवा पुढे जात राहते, सर्ज होत नाही, सोडायला काही नसतं. मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूमही नसतो, म्हणून ‘डिझेल किट’मध्ये पेडलला स्विच आणि वेगळा सोलेनॉइड देतात, जो चांगला साठलेला बूस्ट नुसता फेकून देतो. पुन्हा रेस दिली की टर्बोला शून्यापासून सुरुवात, तोपर्यंत काळा धूर. थार पेट्रोल असती तर वर लिहिलेलं सगळं लागू झालं असतं.

तुमच्यासाठी माझा क्रम असा. आधी आहे तो व्हॉल्व्ह तपासा. सेकंड हँड गाडीत तो थकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. बूस्ट लीक टेस्ट करून घ्या: टर्बोच्या तोंडाशी बूच बसवून रेग्युलेटरने गाडीच्या मूळ बूस्टएवढाच दाब देतात आणि सांध्यांवर साबणाचं पाणी टाकतात. जुन्या गाडीत इंटरकूलरचा होज, क्लँप, कुठे ना कुठे बुडबुडे निघतातच. ते बंद केले आणि कंपनीचा किंवा त्याच जागी बसणारा मजबूत रिसर्क्युलेशन व्हॉल्व्ह लावला, की गिअरमधला प्रतिसाद जो सुधारायचा तो सुधारतो. त्यानंतरही आवाजाची हौस राहिली आणि गाडी मॅपवर असेल, तर वरच्या काळज्या घेऊन बसवा, मी अडवणार नाही. थोडा आवाज हवा असेल तर एअर फिल्टरच्या डब्याचा बदललेला पाइप किंवा पॅनेल फिल्टर लावूनही रिसर्क्युलेशनचा आवाज आत ऐकू येतो, आणि बाहेर काही सोडावं लागत नाही. मला स्वतःला हा मार्ग जास्त आवडतो.

बसवल्यावर पहिल्याच दिवशी हायवेला पळू नका. गाडी गरम करून आयडलवर व्हॉल्व्हच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरा; तो आत ओढला गेला तर स्प्रिंग सैल आहे. मग स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा, बघा. बसवण्याआधीचा आकडा लिहून ठेवलेला असेल तरच तुलना होते, म्हणून तो आधीच घ्या. पी०१७१ म्हणजे हवा जास्त, पी०१७२ म्हणजे पेट्रोल जास्त. दोन्हींपैकी काहीही आलं तर स्क्रू फिरवत बसण्याआधी गळती शोधा. आठवड्याभराने सगळे क्लँप एकदा गरम-थंड झाल्यावर पुन्हा तपासा. सहा-आठ महिन्यांनी व्हॉल्व्ह उतरवून पिस्टन पुसा. क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ आणि आपली धूळ मिळून त्यावर चिकट थर बसतो, आणि पिस्टन अडकण्याचं सर्वांत नेहमीचं कारण तेच आहे. उत्पादकाने सांगितलेलं ग्रीस पातळसं लावा, जास्त लावलं तर तीच धूळ धरून ठेवतं.

जुना व्हॉल्व्ह, त्याचे बोल्ट, गॅस्केट आणि नळी एका पिशवीत नीट बांधून घरी ठेवा. फिटरकडे सोडून येऊ नका. पावसाळ्याला, गाडी विकायला किंवा नव्या व्हॉल्व्हवर संशय आला तर तो परत लावून गाडी कशी चालते बघायला तोच लागतो. आणि पुढे काही विचारायचं असेल तर गाडीचं मॉडेल, वर्ष, मॅफ आहे की नाही आणि आयडलला एसी बंद असताना किती इंच व्हॅक्यूम दिसतो, एवढं लिहून पाठवा. मग स्प्रिंग नेमकी कुठली घ्यायची ते सांगता येईल.